मी पडले नव्हते

माझ्या पाठीतला एक मणका पुढच्या बाजूने दबलेला आहे. तो दबला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. अंगावर वर्दी होती, पायाखाली रबराची जाड गादी होती, आणि माझ्याच तुकडीतल्या दोघी जणी मला दोन्ही दंडांना धरून उभ्या होत्या. त्यांनी मला अलगद खाली टेकवलं. डोकं आपटू नये म्हणून एकीने कपाळाखाली हातसुद्धा घातला. तरी मणका गेला. आणि पुढचे कित्येक महिने दवाखान्यात, कचेरीत, चौकशीत, नातेवाइकांत, जो भेटेल तो मला एकच विचारत राहिला, कुठून पडलीस. मी पडले नव्हते. आजही हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि तो चढू नये असं मला वाटत नाही.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं. मालगुजारांच्या काळातल्या जुन्या मामा तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमची वस्ती. बाप तलावात जाळं टाकायचा, उन्हाळ्यात तलाव आटला की वैनगंगेवर जायचा, आणि पावसाळ्यात तो आणि आई दोघंही लोकांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवण्याला. मी त्याच पाळीवर धावून पोलीस भरतीची तयारी केली. सकाळी बायका तिथे भांडी घासायला बसलेल्या असायच्या, त्या पाय आवरून मला वाट द्यायच्या. मी निवडले गेले तेव्हा त्यांतल्याच एकीने आईला विचारलं होतं, "पोरीले खरंच बंदूक देतीन का?" दिली. सात वर्षं ती बंदूक, पाण्याच्या बाटल्या, दोन दिवसांचं खाणं आणि ताडपत्री पाठीवर घेऊन मी धानोऱ्याच्या पलीकडचं जंगल तुडवलं. नाले ओलांडले, पहाड चढले. पाठीने कधी तक्रार केली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे एका साहेबांनी माझ्या हाडांवरच शंका घेतली.

झटक्याच्या बंदुकीचं प्रशिक्षण चंद्रपूरकडच्या एका केंद्रावर होतं. चार दिवसांचं. आमच्या दलातल्या आम्ही वीसेक बायका गेलो होतो. प्रशिक्षक बाहेरच्या शहरातून आलेले, टापटीप, बोलायला गोड. त्यांनी पहिल्या दिवशी ती बंदूक टेबलावर ठेवून उघडून दाखवली. पिवळ्या रंगाची, हातात खेळण्यासारखी हलकी. घोडा दाबला की तिच्यातून दोन बारीक पिना सुटतात, पिनांना केसासारख्या तारा, आणि तारांमधून पाच सेकंद वीज. माणूस जागेवर आवळतो आणि पडतो. गर्दी आवरायला, दारू पिऊन कोयता घेऊन उभ्या राहिलेल्याला धरायला, असं ते सांगत होते. गोळी घालण्यापेक्षा हे बरं, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते मला पटलंही. मी गोळी लागलेला माणूस पाहिलेला आहे. त्यामुळे मी काही त्या वस्तूवर डोळे वटारून बसले नव्हते.

मग ते म्हणाले, "जो हे वापरणार, त्याने आधी स्वतः घेतलं पाहिजे. परवा सगळ्यांना एकेक."

मी हात वर केला. "सर, आत काही दुखापत होते का याने? हाडाला, हृदयाला?"

"विजेने काही होत नाही," ते म्हणाले. "जे लागतं ते पडल्याने लागतं. म्हणून आपण गादी टाकतो आणि दोघी जणी धरतात. पडलाच नाहीत तर लागणार कसं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या वाक्यात पुढे माझे किती महिने अडकणार आहेत याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक छापील कागद आला. इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात. मला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. मी पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवून वाचत होते, तेवढ्यात कागद वाटणारा म्हणाला, "मॅडम, सगळ्यांनी सही केली, तुमचीच राहिली." मी सही केली. माझ्या खोलीतली मैत्रीण सिरोंचाकडची, मला अक्का म्हणायची. तिने खोलीत आल्यावर विचारलं, "अक्का, काय लिहिलं होतं त्यात?" मी म्हटलं, आपण आपल्या मर्जीने घेत आहोत असं लिहिलं असेल. ती म्हणाली, "मग मर्जी कोणी विचारली?" विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं, हे मला माहीत होतं. पुरुषांच्या तुकडीने आदल्या आठवड्यात घेतलं होतं. बायका मागे सरल्या, एवढं बोलायला दलात कितीतरी तोंडं टपून बसलेली असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्यानंतर, मैदानाच्या कडेच्या शेडमध्ये आम्हाला एका रांगेत उभं केलं. माझ्या आधी सात जणींनी घेतलं. कोणी किंचाळली, कोणी उठून हसली, एकीला उलटी झाली. माझी पाळी आली तेव्हा मैत्रिणीने डावा दंड धरला, दुसरीने उजवा. प्रशिक्षकांनी मागून विचारलं, "तयार?" मी मान हलवली.

फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मग तडतड. एक पीन पाठीच्या वरच्या भागात बसली, दुसरी कमरेजवळ. अंगातला प्रत्येक स्नायू एकाच क्षणी आवळला गेला. गुडघे माझे नव्हते, हात माझे नव्हते. ओरडायचं होतं, पण छातीतली हवा बाहेर पडेना. दात एकमेकांवर बसले आणि जिभेची कड त्यांत सापडली. डोकं मात्र पूर्ण जागं होतं. समोरच्या पत्र्यावर बसलेली खार मला स्पष्ट दिसत होती. पाठ आपोआप मागे ओढली गेली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध, खूप आत, काहीतरी कट्टकन बसलं. आवाज मी कानाने ऐकला की अंगाने, सांगता येत नाही. मैत्रिणीलाही तो ऐकू आला होता, हे तिने नंतर लिहून दिलं.

पाच सेकंद संपले. त्या दोघींनी मला गादीवर पालथं टेकवलं. केंद्राच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने पिना उपटल्या. त्यांना गळासारखं उलटं टोक असतं, निघताना कातडी ओढून निघतात. मी म्हटलं, "पाठीत काहीतरी झालं." तो म्हणाला, "होतं तसं. पाच मिनिटं पडून राहा."

मी पडून असतानाच दुसरा कागद आला. हाही छापील. त्यात 'त्रास झाला नाही' या रकान्यात आधीच खूण केलेली होती. फळीवर कागद लावून माझ्या तोंडासमोर धरला, हातात पेन दिलं. माझी बोटं थरथरत होती, पेन धरवत नव्हतं. तरी मी सही केली. कारण रांग थांबली होती आणि पुढची मुलगी पांढरीफटक पडून उभी होती. तिचं लवकर उरकावं असं मला वाटलं.

दुपारी मला कुशीवर वळता येईना. श्वास पूर्ण घेतला की पाठीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. कंपाउंडरने मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि रजिस्टरला लिहिलं, 'पाठीचा स्नायू ओढला'. चौथ्या दिवशी सकाळी धावणं होतं. मी प्रशिक्षकांना सांगितलं, मला उभं राहवत नाही.

"बाकीच्या सगळ्या धावतायत," ते म्हणाले. "त्यांनाही तेच पाच सेकंद दिले."

"सर, माझ्या पाठीत काहीतरी मोडलंय."

"पडलात का तुम्ही?"

"नाही."

"मग मोडेल कसं?"

मैत्रीण मध्ये पडली. "सर, कट्ट आवाज आला. मी ऐकला." त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला धावण्यातून सूट दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की काही जणांचं मनच कच्चं असतं, शरीराला काही झालेलं नसतं. सात वर्षं मी जंगलात चालले होते. माझ्या मनाविषयी हा माणूस तीन दिवसांच्या ओळखीवर बोलत होता, आणि मी सावधानमध्ये उभी होते, म्हणून गप्प होते.

परत येताना ट्रकमध्ये बसले. आमच्याकडचे रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना त्या प्रवासाविषयी वेगळं सांगायला नको. मैत्रिणीने माझ्या पाठीमागे घड्या घातलेली ब्लँकेटं लावली आणि प्रत्येक खड्ड्याला मला कवेत धरलं. ती रस्ताभर तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव घेते आहेस का विचारलं, तर म्हणाली, "नाही अक्का, शिव्या देते आहे."

पुढचे आठ-नऊ दिवस मी ड्युटी केली. गोळ्या खायच्या, मलम लावायचं, बुटाची नाडी दुसऱ्या कोणाकडून बांधून घ्यायची. नवव्या दिवशी शिंक आली आणि मी डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीला धरून बसले. त्या दिवशी मैत्रिणीने गावी फोन करून बापाला बोलावलं, आणि दोघांनी मिळून मला चंद्रपूरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथला हाडांचा डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "किती उंचीवरून पडलात?"

"पडले नाही."

"गाडीचा अपघात?"

"नाही."

"घरात कोणी..." तो थांबला आणि बापाकडे पाहू लागला. बाप कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्यावर संशय घेतला जातोय हे त्याला कळलंही नाही. मला मात्र कळलं, आणि मी पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, "माझ्या बापाकडे बघू नका. सरकारी मैदानावर, सरकारी माणसांसमोर, मला विजेचा झटका दिला. त्यात हे झालं. मी पडले नाही, मला कोणी मारलं नाही."

डॉक्टर चिडला नाही. त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि सगळं विचारून घेतलं. पिना कुठे लागल्या, किती वेळ, आवाज कधी आला. कमीज वर करून त्याने पाठीवरचे दोन काळपट डाग पाहिले. मग म्हणाला, "फिट येते ना, त्या पेशंटमध्ये मी हे पाहिलेलं आहे. पलंगावर झोपलेल्या माणसाचाही मणका दबतो. पाठीचे स्नायू एकदम पूर्ण ताकदीने आवळले की मधलं हाड चेपतं. त्याला पडावं लागत नाही."

तेवढ्यात बाप कोपऱ्यातून बोलला. "साहेब, करंटचा मासा पाह्यला का तुमी?"

डॉक्टर वळला.

"आमच्या नदीत काही लोकं बॅटरी घेऊन येते," बाप म्हणाला. "पाण्यात तार सोडते, करंट देते. मासा आकडते अन् पालथा होऊन वर येते. मी तो मासा घेत नाई. वरून पाह्यलं तर काईच नाई दिसत त्याले, खवलं बी शाबूत राह्यते. पन चिरला का आतमंदी काटा मोडला राह्यते. काट्याच्या बाजूनं रक्त साकळलं राह्यते. तो मासा काई कुठून पडत नाई, साहेब. पान्यातच राह्यते तो."

डॉक्टरने कागद ओढला आणि दुखापतीच्या कारणासमोर स्पष्ट लिहिलं, विजेच्या झटक्याने स्नायू आवळल्यामुळे, पडल्याचा इतिहास नाही. बापाने मला विचारलं, "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि पिशवीतून डबा काढला. आईने भात आणि बोंबलाची चटणी दिली होती. मी उताणी पडूनच खाल्लं. तो एकेक घास करून देत होता, मी लहान असताना द्यायचा तसा, आणि मधूनच म्हणत होता, "काऊन नाई सांगतलं व माय आधी, काऊन नाई सांगतलं."

मला तेव्हा रडू आलं ते पाठीमुळे नाही. शहरातून आलेला, मोठा पगार घेणारा, हातात चकचकीत पुस्तक असलेला माणूस आम्हाला छातीठोकपणे सांगून गेला होता की विजेने काही होत नाही. आणि शाळेत चार इयत्ता शिकलेल्या माझ्या बापाला हे मासे चिरताना कळलेलं होतं. त्याला कोणी विचारायला गेलं नव्हतं. आम्हालाही कोणी विचारलं नव्हतं.

तीन महिने मी गावी होते. छातीपासून कमरेपर्यंत पट्टा, सरळ झोपणं, उठताना आईच्या खांद्याला धरून उठणं. झोपेत पाय अचानक झटकायचे आणि मी जागी व्हायचे. घरातला बटण दाबून लावायचा दिवासुद्धा मी काही दिवस स्वतः लावत नव्हते. तलावाच्या पाळीवरच्या बायका भेटायला यायच्या आणि त्याही विचारायच्या, "कुठून पडली व बाई?" मी सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या, आणि जाताना आईला विचारायच्या की पहाडावरून पडली का मोटारसायकलवरून.

कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा मी पट्टा बांधूनच गेले. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मग फाइल उघडून म्हणाले, "हे बघा, तुमच्या भल्याचं सांगतो. प्रशिक्षणात झटक्याने मणका मोडला, असं लिहिलं तर प्रकरण वरपर्यंत जातं, वर्षभर लटकतं. स्नानगृहात पाय घसरला असं लिहून द्या. ड्युटीवरची दुखापत म्हणूनच धरू. आठ दिवसांत रजा मंजूर होते."

"पण मी पाय घसरून पडले नाही, सर."

"फॉर्ममध्ये काहीतरी लिहावं लागतं. पडणं, अपघात, प्राण्याचा हल्ला, एवढेच रकाने आहेत."

"मग रकाना वाढवा."

त्यांनी मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी फाइलीतून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तोच, 'त्रास झाला नाही' वाला. "ही सही तुमचीच ना?"

मी तो कागद हातात घेतला. मग माझं ओळखपत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं. ओळखपत्रावरची सही सरळ, गोलाकार, मला शाळेपासून सवय असलेली. कागदावरची सही पहिलीतल्या पोराने पाटीवर रेघोट्या ओढाव्या तशी, ओळ सोडून खाली उतरलेली, शेवटचं अक्षर अर्धंच. "सर," मी म्हटलं, "त्रास झाला नाही असं लिहिणाऱ्या बाईचा हात असा चालतो का?"

ते दोन्ही सह्या पाहत राहिले. मग म्हणाले, "कदाचित तुमची हाडंच मुळात ठिसूळ असतील. बायकांमध्ये असतं ते."

मी घरी न जाता सरळ चंद्रपूरला गेले आणि हाडांची तपासणी करून घेतली. हाडं ठणठणीत निघाली. तो अहवाल, डॉक्टरांचा कागद आणि सगळी हकीकत लिहिलेला माझा अर्ज मी आवक-जावक खिडकीत देऊन शिक्का मारून घेतला. मैत्रिणीनेही लेखी दिलं. मी तिला म्हटलं होतं, तू यात पडू नकोस, तुझी बढती आहे. तिने ऐकलं नाही. तिच्या जबाबात चारच ओळी होत्या. मी डावा दंड धरला होता, ती पडली नाही, झटका चालू असताना तिच्या पाठीत आवाज आला, तो मी ऐकला. उजवा दंड धरलेल्या मुलीने मात्र लिहून दिलं की तिला काही आठवत नाही. मी तिच्यावर रागावले होते, आता नाही. तिच्या घरी ती एकटी कमावती आहे.

चौकशी झाली. प्रशिक्षक आले नाहीत, त्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की उपकरण सुरक्षित असून ही घटना अपवादात्मक आहे. अपवाद म्हणजे मी. पत्राच्या खाली पुरावा म्हणून आमच्या सगळ्यांच्या त्या छापील कागदांच्या प्रती जोडल्या होत्या. ते पाहून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्हाला झटके द्यायचं कारण आम्हाला शिकवणं एवढंच नव्हतं. उद्या कोणी विचारलं की हे हत्यार माणसावर चालवणं योग्य आहे का, तर दाखवायला आमच्या सह्या हव्या होत्या. आमच्या बायकांनी घेतलं, त्यांना काही झालं नाही, मग तुम्हाला काय होतं. माझी ती वाकडी सहीसुद्धा त्यात होती, आणि आजही कुठल्या कुठल्या फाइलीत लागलेली असेल.

निकाल असा लागला की 'प्रशिक्षणादरम्यान दुखापत' एवढं नोंदवलं गेलं. कारण लिहिलं नाही. रजा मंजूर झाली, मला हलकं काम मिळालं, आणि झटका घेणं यापुढे ऐच्छिक राहील असं पत्रक निघालं. साहेब म्हणाले, "बघा, तुमच्यामुळे नियम बदलला." मी आभार मानले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी धानोऱ्याकडच्या एका गावात दलाचा मेळावा होता. अशा मेळाव्यात चादरी, भांडी, वह्या वाटतात, दाखले काढून देतात. मी वाटपाच्या टेबलावर होते. एका बाजूला वेगवेगळी साधनं मांडून ठेवली होती, त्यात ती पिवळी बंदूकही होती. एक शिपाई माइकवरून सांगत होता की ही कोणाला इजा करत नाही, फक्त पाच सेकंद माणूस थांबतो. मोहफुलं वेचून वाकलेली एक म्हातारी चादर घ्यायला माझ्यासमोर आली. गोंडी मिसळलेल्या मराठीत तिने विचारलं, "बाई, तू घेतली का थे?"

"घेतली, आजी."

"लागते का?"

माझ्यामागे साहेब उभे होते. मी म्हटलं, "लागते. माझी पाठ मोडली त्यानं."

तिने चादर काखेत मारली, त्या बंदुकीकडे नीट पाहिलं आणि आपल्याबरोबरच्या बायकांना गोंडीत काहीतरी सांगत गेली. तिच्या वयाच्या, तिच्यासारख्या सुकलेल्या अंगाच्या बाईला तो झटका बसला तर काय उरेल, हा विचार मला तिथे उभ्या उभ्या सोडेना. आम्ही निदान तरुण होतो, खाऊनपिऊन होतो, खाली गादी होती, धरायला मैत्रिणी होत्या.

दोन दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. सार्वजनिक ठिकाणी दलाच्या साधनाविषयी गैरसमज पसरवला, असा ठपका. मी उत्तरात डॉक्टरांचा कागद पुन्हा जोडला आणि लिहिलं की विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, खोटं द्यायचं असल्यास तसा लेखी आदेश मिळावा. त्यावर आजवर काहीही आलेलं नाही.

आता मी भांडारात काम करते. बूट, पट्टे, ताडपत्र्या, पाण्याच्या बाटल्या देणं-घेणं. जड उचलायचं नाही, मोटारसायकलवर मागे बसायचं नाही, थंडीत पाठ धरते. त्या केंद्रावर जाणाऱ्या तुकड्या साहित्य घ्यायला माझ्याच खिडकीशी येतात. प्रत्येक मुलीला मी बूट देताना सांगते, कागद पूर्ण वाचा, वेळ लागला तर लागू द्या. झटका ऐच्छिक आहे, पत्रकाची प्रत माझ्याकडे आहे, हवी तर घेऊन जा. बहुतेक जणी मान हलवतात आणि तिथे जाऊन घेतातच, कारण सगळ्यांसमोर विचारतात, कोणाला भीती वाटते का. अशा विचारण्याला ऐच्छिक म्हणतात.

मागच्या तुकडीतल्या दोघींनी नाही म्हटलं. त्यांना उरलेले दिवस शेडबाहेर उन्हात बसवून पिना गोळा करायला लावलं आणि जेवणाच्या रांगेत टोमणे मारले. परत आल्यावर त्या बूट जमा करायला आल्या. एकीने बूट खिडकीतून आत सरकवले, मग वाकून आपल्या पायातल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि सरळ उभी राहिली. मी तिला दोन मिनिटं थांबवून घेतलं. तिला वाटलं काहीतरी हिशेब राहिलाय. मला नुसतं तिचं ते वाकणं आणि उठणं अजून एकदा पाहायचं होतं.